टॅक्सी म्हणून चाललेली मोटार विकत घ्यावी का?

जुनी मोटार घेण्याचे ठरवून बाजारात उतरलेल्या कुटुंबाला पहिल्या आठवड्यातच एक कोडे पडते. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षी नोंदलेल्या दोन गाड्या समोर उभ्या असतात. एकीची किंमत साडेपाच लाख, दुसरीची चार. रंग तोच, इंजिन तेच, आणि स्वस्त गाडी धुऊन-पुसून दुसरीपेक्षा जरा जास्तच चकाकत असते. खोदून विचारल्यावर विक्रेता हळूच सांगतो, ‘आधी टी पासिंग होती, आता प्रायव्हेट करून देतो.’ दीड लाखांचा फरक या एका वाक्यात दडलेला असतो. हा फरक खिशात राहणार की वर्षभरात गॅरेजवाल्याच्या हाती जाणार, हे मात्र त्या वाक्यावरून कळत नाही.

भाड्याने चाललेली गाडी घेऊ नये, असे सरसकट सांगणारे पुष्कळ भेटतात. तीन लाख किलोमीटर झालेली इनोव्हा टुरिस्टवाल्याकडून घेऊन पुढे अनेक वर्षे समाधानाने चालवणारेही महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्यात सापडतात. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, कारण ‘भाड्याची गाडी’ हा काही एकच प्रकार नाही. गाडी कोणत्या भाड्यावर चालली, ती कोणाच्या हाती होती आणि सरकारी नोंदीत आज ती काय आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय सौद्याकडे वळू नये.

पाटीचा रंग

मोटार वाहन कायद्याच्या भाषेत चालकाव्यतिरिक्त सहा प्रवाशांपर्यंतची भाड्याची गाडी म्हणजे ‘मोटार कॅब’ आणि सहापेक्षा अधिक, बारापर्यंत प्रवाशांची म्हणजे ‘मॅक्सी कॅब’. या दोन्ही व्यावसायिक गाड्या. त्यांच्या पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे असतात, तर खासगी गाडीच्या पांढऱ्या पाटीवर काळी. चालकाविना, ग्राहकाने स्वतः चालवण्यासाठी परवान्यावर दिल्या जाणाऱ्या गाड्यांची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात. गोव्याला जाणाऱ्यांना ही पाटी चांगलीच परिचयाची आहे. विजेवर चालणाऱ्या गाड्यांची पाटी हिरवी. तिच्यावर खासगीसाठी पांढरी व व्यावसायिकसाठी पिवळी अक्षरे असतात.

पिवळ्या पाटीतही पोटभेद आहेत. शिर्डी, अष्टविनायक, महाबळेश्वर अशा सहलींवर जाणारी टुरिस्ट गाडी, हिंजवडी किंवा ऐरोलीतील कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांची दिवस-रात्र ने-आण करणारी करारावरची गाडी आणि शहरात मोबाइलवरून बोलावली जाणारी अॅप टॅक्सी, या तिघींचे आयुष्य अगदी वेगवेगळे असते. या सगळ्यांपलीकडे आणखी एक प्रकार आहे आणि तोच सर्वात फसवा. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी परवान्याविना ओळखी-पाळखीत भाड्याने दिली जाते. तिच्या कागदांवर व्यवसायाची एकही खूण नसते. ती ‘फर्स्ट ओनर, घरगुती वापर’ म्हणून विकली जाते आणि तिला किंमतही खासगी गाडीचीच मागितली जाते. पिवळ्या पाटीचा मालक निदान गाडी भाड्यावर चालली हे लपवू शकत नाही.

अमेरिकेतला सल्ला इथे लागू पडत नाही

या विषयावर इंग्रजीतून वाचन करणाऱ्यांना किंवा परदेशातील नातलगांचे ऐकणाऱ्यांना ‘भाड्याची गाडी जरूर घ्यावी’ असा सल्ला वारंवार मिळतो. तो चुकीचा नाही. फक्त तो तिथला आहे. अमेरिकेत भाडे कंपन्या नव्या गाड्या मोठ्या संख्येने घेतात, साधारण वर्ष-दीड वर्ष वापरतात आणि कंपनीची हमी शिल्लक असतानाच विकून टाकतात. गाडी ग्राहक स्वतः चालवतो, देखभाल कंपनीच्या वेळापत्रकानुसार होते आणि जुन्या गाड्या विकणे हा त्या कंपन्यांच्या धंद्याचाच एक भाग असतो. हर्ट्झ कंपनीने मे २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, त्यानंतर तिच्या ताफ्यातील गाड्या फार मोठ्या प्रमाणावर बाजारात आल्या. जानेवारी २०२४ मध्ये याच कंपनीने सुमारे २० हजार विजेच्या गाड्या विकण्याचे जाहीर केले, तेव्हाही स्वस्तात गाडी मिळवणाऱ्यांची तिथे चंगळ झाली.

आपल्याकडे गाडी भाड्यावर लागते ती बहुधा कर्ज काढून आणि चालते ती कर्ज फिटून पुढे चार पैसे सुटेपर्यंत. अखिल भारतीय टुरिस्ट परवान्यासाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत मोटार कॅबला नऊ वर्षांची मर्यादा अनेक वर्षे होती. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीला तर वीस वर्षांची मुभा असल्याने ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली शेवटची प्रीमियर पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत रस्त्यावर राहिली. तेव्हा इथे विक्रीस येणारी टॅक्सी ही दीड वर्षाची जवळपास कोरी गाडी क्वचितच असते. तिच्या मालकाने तिच्याकडून मिळण्यासारखे बहुतेक उत्पन्न मिळवून झालेले असते.

किलोमीटरचा हिशेब

बाहेरगावच्या भाड्यात दिवसाला किमान अडीचशे ते तीनशे किलोमीटर धरण्याची पद्धत सर्वांना माहीत आहे. महिन्यात वीस दिवस गाडी निघाली आणि दिवसाला अडीचशेच धरले, तरी महिन्याचे पाच हजार आणि वर्षाचे साठ हजार किलोमीटर होतात. म्हणजे चार वर्षांत दोन लाख चाळीस हजार. त्याच काळात कचेरीला आणि सुट्टीत गावी जाणाऱ्या खासगी गाडीचे पन्नास हजारही होत नाहीत. त्यामुळे चार वर्षांच्या टुरिस्ट गाडीच्या मीटरवर पंचाहत्तर हजार दिसत असतील, तर आनंद मानण्यापूर्वी सेवा केंद्रातील नोंदी मागाव्यात.

मात्र सगळे किलोमीटर सारखे नसतात. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर एका वेगाने कापलेले शंभर किलोमीटर आणि अंधेरी-कुर्ला रस्त्यावर क्लच दाबत काढलेले शंभर किलोमीटर यांत इंजिन, क्लच व गिअरबॉक्सच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. महामार्गावर इंजिन एकाच तापमानाला बराच काळ राहते, गिअर कमी बदलावे लागतात, ब्रेकही कमी लागतात. शहरातली अॅप टॅक्सी सिग्नलला, विमानतळाच्या वाहनतळात, ग्राहकाची वाट पाहत वातानुकूलन सुरू ठेवून उभी असते. त्या तासांत इंजिन झिजते आणि मीटर मात्र जागचा हलत नाही. म्हणूनच लाखभर किलोमीटर झालेली शहरी टॅक्सी दोन लाख झालेल्या टुरिस्ट गाडीपेक्षा अधिक थकलेली असू शकते. घाटात चाललेल्या गाडीचे क्लच व ब्रेक लवकर जातात. कोकण-गोव्याच्या किनारपट्टीवर राहिलेल्या गाडीचा तळ आणि दारांच्या खालच्या कडा गंजासाठी आधी पाहाव्यात.

भाड्याच्या गाडीच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. ती रोज चालू होते, त्यामुळे बॅटरी, रबरी सील किंवा इंधनाची वाट यांना पडून राहिल्याचे आजार होत नाहीत. तेलबदल चुकला तर धंदा बुडतो, हे शहाण्या मालकाला ठाऊक असते. व्यावसायिक गाडीला ठराविक मुदतीने आरटीओकडून योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे बोलीभाषेत ‘फिटनेस’, घ्यावेच लागते. २०१८ मधील दुरुस्तीनंतर आठ वर्षांपर्यंत ते दर दोन वर्षांनी व नंतर दरवर्षी आहे. ही तपासणी किती बारकाईने होते, याविषयी वाहनधारकांत वेगवेगळी मते ऐकू येतात. परंतु खासगी गाडीला पंधरा वर्षे तेवढीही होत नाही.

सर्वात भरवशाची भाड्याची गाडी कोणती, असे विचारले तर अनुभवी मेकॅनिकचे उत्तर बहुधा एकच असते: जिचा मालक स्वतःच चालक होता ती. एकाच हाताखाली वाढलेल्या गाडीचा क्लच, तिचा आवाज, तिचा डावीकडे ओढण्याचा स्वभाव मालकाला पाठ असतो. तीच गाडी दिवसपाळी-रात्रपाळीच्या दोन चालकांत वाटली गेली की तिचे ऐकणारे कोणी उरत नाही.

खरा धोका कागदांत

यंत्राचा दोष पैसे खर्चून दुरुस्त होतो. कागदांचा दोष मात्र कधी कधी वर्षानुवर्षे सुटत नाही. म्हणून टॅक्सी घेणाऱ्याने गाडीखाली वाकून पाहण्याआधी तिची नोंद पाहावी. केंद्र सरकारच्या एम-परिवहन अॅपवर किंवा वाहन संकेतस्थळावर क्रमांक टाकला की गाडीचा वर्ग दिसतो. तिथे ‘मोटार कार’ असेल तर ती खासगी. ‘मोटार कॅब’ किंवा ‘मॅक्सी कॅब’ असेल तर पाटी कितीही पांढरी रंगवलेली असो, गाडी अजून टॅक्सीच आहे. योग्यता प्रमाणपत्र, विमा आणि पीयूसी यांच्या मुदतीही तिथेच दिसतात. वर्ग न बदलता पाटी बदलणे हा गुन्हा आहे आणि अशी गाडी रस्त्यावर पकडली गेली तर कारवाईला तोंड द्यावे लागते ते त्या दिवशी चालवणाऱ्याला.

टॅक्सीचे खासगीत परिवर्तन हे काम प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या मंजुरीने होते. आधी परवाना जमा करावा लागतो. कराची थकबाकी आणि प्रलंबित ई-चलने फेडावी लागतात. गाडीवर कर्ज असेल तर कर्ज देणाऱ्या संस्थेची लेखी संमती लागते. कर्ज फिटले असूनही आरसीवर बोजा कायम असेल, तर फॉर्म ३५ व संस्थेचे ना-हरकत पत्र देऊन तो उतरवून घ्यावा लागतो. गाडीची प्रत्यक्ष तपासणी होते, खासगी दराने कराचा फरक भरला जातो, आणि मग आरसीवर नवा वर्ग व पांढऱ्या रंगाची नवी उच्चसुरक्षा पाटी मिळते.

यातला कराचा फरक अनेकांना अनपेक्षित धक्का देतो. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावे असलेल्या नव्या खासगी मोटारीवर एकरकमी कर किमतीनुसार पेट्रोलसाठी ११ ते १३ टक्के व डिझेलसाठी १३ ते १५ टक्के असा आहे. सीएनजी गाड्यांचा दर त्याहून कमी असून जुलै २०२५ पासून तो एका टक्क्याने वाढला. टॅक्सीच्या कराचे गणित वेगळे असते. परिवर्तनाच्या वेळी गाडीचे वय लक्षात घेऊन खासगी दराने आकारणी होते आणि ती रक्कम काही हजारांवर भागेलच असे नाही. ‘प्रायव्हेट करून देतो’ हे आश्वासन ऐकताना हा कर कोण भरणार, हे त्याच वेळी विचारून घ्यावे. गाडी आठ वर्षांपेक्षा जुनी असेल तर व्यावसायिक वाहनांवर राज्यात आकारला जाणारा पर्यावरण कर भरला आहे का, तेही पाहावे.

दुसऱ्या राज्यातून आलेली टॅक्सी हा आणखी गुंतागुंतीचा व्यवहार असतो. राजधानी परिसरात दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये निर्बंध घातले आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. तेव्हापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात दक्षिणेकडे सरकू लागल्या. त्या डोळ्यांत भरतात. पण मूळ आरटीओचे ना-हरकत पत्र, इथला कर, पुनर्नोंदणी आणि वर वर्गबदल असे सगळे सोपस्कार पार पाडल्यावर स्वस्ताई बरीचशी विरून जाते.

नावबदल हा तर सर्वच जुन्या गाड्यांचा प्रश्न आहे, परंतु टॅक्सीच्या बाबतीत तो अधिक गंभीर होतो, कारण ती अनेकदा दोन-तीन हातांतून फिरून येते आणि आरसीवर मात्र पहिल्याच मालकाचे नाव असते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात, आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक, असे स्पष्ट केले. गाडी मधल्या काळात कोणाकोणाला विकली गेली याला त्यात महत्त्व उरले नाही. विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवणे आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करणे कायद्याने बंधनकारक आहे. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी अधिकृत नोंदणीची पद्धत केंद्राने आणली आहे. अशा अधिकृत विक्रेत्याकडे गाडी सोपवल्याची रीतसर सूचना झाली की तिची जबाबदारी त्याच्याकडे येते. विक्रेत्याकडे ते प्रमाणपत्र आहे का, हे विचारण्यात संकोच करण्याचे कारण नाही.

विम्याबाबत एक चूक सर्रास होते. पिवळ्या पाटीवर घेतलेली प्रवासी वाहनाची पॉलिसी परिवर्तनानंतरही तशीच चालू ठेवली जाते, किंवा उलट, वर्ग न बदलताच खासगी पॉलिसी काढली जाते. दोन्ही प्रकारांत वापर आणि पॉलिसी यांचा मेळ बसत नाही आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. हप्त्यातील फरकही थोडाथोडका नाही. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीचा त्रयस्थ विमा वर्षाला ३,४१६ रुपये होता. त्याच क्षमतेच्या टॅक्सीला ७,९४० रुपये आणि शिवाय प्रत्येक प्रवाशामागे वेगळी रक्कम द्यावी लागे. खरेदीनंतर १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा लागतो. जुन्या मालकाचा ‘नो क्लेम बोनस’ मात्र गाडीबरोबर येत नाही. तो त्याच्याकडेच राहतो.

गाडीत काय असते, काय नसते

टॅक्सीसाठी म्हणून कंपन्यांनी काढलेल्या गाड्या दिसायला घरगुती गाडीसारख्याच असल्या तरी आतून साध्या असतात. मारुतीची डिझायर टूर हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. मागच्या काचा हाताने फिरवाव्या लागणे, संगीतयंत्रणा नसणे या उणिवा सोसता येतात. सुरक्षेची उणीव मात्र सोसण्यासारखी नाही. चालकासाठी एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली आणि शेजारच्या आसनासाठी सर्व नव्या गाड्यांना ती जानेवारी २०२२ पासून लागली. एबीएस ब्रेकप्रणालीची सक्ती एप्रिल २०१९ मधील. त्याआधीच्या ताफ्यातील पुष्कळ गाड्यांत यांपैकी काहीच नाही, कारण घाऊक खरेदीत सर्वात खालचे मॉडेल घेतले जाई. घरची माणसे बसवून महामार्गावर जाणाऱ्याने केवळ या एका कारणासाठी वर्षभर थांबून थोडी नवी गाडी घेतली, तर तो तोट्यात जात नाही.

टॅक्सींना ताशी ८० किलोमीटरची वेगमर्यादा पाळायला लावणारे यंत्र बसवलेले असते. परिवर्तनाआधी ते काढणे नियमबाह्य आहे. नंतर ते रीतसर काढले की वायरिंग कापून तसेच सोडले आहे का, हे विद्युतकाम जाणणाऱ्याकडून पाहून घ्यावे. जानेवारी २०१९ नंतरच्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत स्थाननिदर्शक यंत्र आणि आपत्कालीन बटणही असते. चालकाने हौसेने बसवलेला संच, मोबाइल चार्जर, आतले दिवे अशा जोडवायरी या गाड्यांत हमखास आढळतात आणि पावसाळ्यात त्यांचे गुण दिसू लागतात.

सीएनजीची टाकी असेल तर ती आरसीवर नोंदलेली हवी. टाकीची जलदाब चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते आणि तिच्या तारखेची पट्टी टाकीवर असते. ती नसेल किंवा मुदत उलटली असेल, तर चाचणीचा खर्च किमतीतून वजा करायला सांगणे रास्त आहे. टाकीच्या वजनाने मागचे सस्पेन्शन बसलेले असते. गाडी सपाट जागेवर उभी करून बाजूने पाहिली तरी ते कळते.

मीटर मागे फिरवणे हा या बाजारातला जुना उद्योग. डिजिटल मीटर आले म्हणून तो थांबला नाही. मीटर खोटे बोलला तरी पायाखालचे रबर बोलत नाही. ब्रेक व क्लचच्या पेडलवरील नक्षी गुळगुळीत झाली असेल, स्टिअरिंगचा वरचा भाग चकाकत असेल, चालकाच्या आसनाची डावी-उजवी कड दबली असेल, तर मीटरवरील आकड्याशी त्याची तुलना करावी. पेडलला नवे कोरे रबर दिसले तर शंका अधिकच घ्यावी. टॅक्सीत तर मागचे आसनही बोलते. खासगी गाडीत ते पुढच्यापेक्षा कमी झिजलेले असते. टॅक्सीत मागच्या डाव्या दाराचे हँडल आणि आसनाची डावी बाजू सर्वात आधी जाते. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, त्यांतील पहिले दोन आठवडा व नंतरचे दोन वर्ष सांगतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. चाळीस हजार किलोमीटर झाल्याचे सांगितलेल्या गाडीचे चारही टायर अलीकडचे निघाले, तर मूळ टायर कुठे गेले, असे विचारायला हवे. अधिकृत सेवा केंद्रात गाडीच्या क्रमांकावरून जुन्या कामांची यादी मालकाच्या संमतीने मिळू शकते. तिच्यात प्रत्येक भेटीच्या वेळचे किलोमीटर लिहिलेले असतात आणि पाचशे रुपयांची लाच घेऊनही ते मागे फिरत नाहीत.

मॉडेल कोणते, याचाही विचार व्हावा. टोयोटाची इनोव्हा २००५ मध्ये आली तेव्हापासून टुरिस्टवाल्यांची लाडकी राहिली आणि तिचे काम जाणणारा मेकॅनिक कुठेही मिळतो. इंडिका, इटिऑस, डिझायर यांचेही तसेच. पुणे-नाशिक, मुंबई-नाशिक मार्गांवर एकेकाळी दिसणारी तवेरा आता फार स्वस्तात मिळते. पण जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतातील विक्री बंद केली, त्यामुळे एखाद्या सुट्या भागासाठी दारोदार हिंडण्याची तयारी असणाऱ्यानेच तिच्या वाटेला जावे.

काळी पाटी

स्वतः चालवण्यासाठी भाड्याने दिलेल्या गाड्यांसाठी केंद्राची १९८९ ची ‘रेन्ट अ कॅब’ योजना आहे. तिच्यात परवाना मिळवण्यासाठी किमान ५० गाड्या असण्याची अट आहे, म्हणजे अशी गाडी मोठ्या ताफ्यातून येते आणि देखभालीच्या नोंदी बहुधा व्यवस्थित असतात. दर दोन दिवसांनी नवा हात हा तिचा दोष. स्वतःची नसलेली गाडी माणूस खड्ड्यातून कशी नेतो, हे वेगळे सांगायला नको. क्लच, पुढचे सस्पेन्शन, चाकांच्या रिमच्या कडा आणि बंपरखालचा भाग येथे आधी पाहावा. किलोमीटर मात्र पिवळ्या पाटीपेक्षा सहसा कमी असतात. परिवर्तनाचे सोपस्कार हिलाही आहेत.

२०२० च्या टाळेबंदीनंतर आणखी एक ओघ सुरू झाला. हप्ते थकल्यामुळे वित्तसंस्थांनी ओढून नेलेल्या टॅक्सी लिलावात निघू लागल्या. त्यांच्या किमती मोहात पाडणाऱ्या असतात, परंतु त्या ‘आहे त्या स्थितीत’ विकल्या जातात, महिनोन्महिने उघड्यावर उभ्या असतात आणि चालवून पाहण्याची संधी बहुधा मिळत नाही. ज्याच्या हप्त्याचे पैसे नव्हते, त्याने शेवटच्या वर्षभरात तेल वेळेवर बदलले असेल, अशी अपेक्षा धरणे धाडसाचे ठरेल.

दीड लाखांचे काय होते

सुरुवातीच्या दोन गाड्यांकडे परत येऊ. चार लाखांची टॅक्सी घरी आली, असे धरू. समजा, चार टायरांना वीस हजार, क्लचच्या कामाला पंधरा, सस्पेन्शनला वीस, आसने व किरकोळ डेंटिंग-पेंटिंगला वीस, बॅटरी व पट्टे-फिल्टर-तेलाला पंधरा, तर नव्वद हजार इथेच झाले. कराचा फरक, पाटी, नावबदल आणि एजंटचे मानधन खरेदीदाराच्या गळ्यात पडले तर दीड लाखांतले फारसे काही उरत नाही. वर, पुढे विकताना नवा गिऱ्हाईकही हाच प्रश्न विचारणार आणि तेवढीच सूट मागणार. त्यामुळे तेवढ्याच वर्षांच्या खासगी गाडीपेक्षा टॅक्सी चौथ्या हिश्श्यानेही स्वस्त नसेल, तर हा सौदा सोडून दिलेला बरा. परिवर्तन विक्रेत्याने स्वखर्चाने पूर्ण केले असेल, नोंदी उपलब्ध असतील आणि फरक तेवढा मोठा असेल, तर मात्र विचार करण्यास हरकत नाही.

वर्षाला पाच हजार किलोमीटरही न चालवणाऱ्या, गाडी घरासमोर असावी एवढ्यासाठी घेणाऱ्या ज्येष्ठांना झिजलेली गाडी तितकीशी महाग पडत नाही. पाच वर्षांत ते तिच्यात जेवढी भर घालतील तेवढे ती पूर्वी पाच महिन्यांत चालत होती. मोठे कुटुंब, गावी शेती, आणि विश्वासाचा मेकॅनिक ज्याच्याकडे आहे त्याला जुनी टुरिस्ट इनोव्हा परवडते. पगारातून हप्ते फेडत पहिलीच गाडी घेणाऱ्या तरुण जोडप्याला मात्र ती परवडत नाही. त्यांच्याकडे गाडीच्या कर्जाचा हप्ता आणि गॅरेजचे बिल एकाच महिन्यात भरण्याइतका अवकाश नसतो. शिवाय जुन्या टॅक्सीवर कर्ज देताना वित्तसंस्था हात आखडता घेतात, तो वेगळाच.

सौदा ठरलाच, तर टोकन म्हणून थोडीच रक्कम द्यावी आणि ती धनादेशाने किंवा बँकेतून द्यावी. वर्ग बदलून आरसी खासगी होणे, बोजा उतरणे आणि थकीत चलने फेडली जाणे या तीन अटी पावतीवर लिहून घ्याव्यात. उरलेले पैसे त्यानंतरच. गाडी ताब्यात घेताना करून घेतलेल्या कागदावर तारखेबरोबर वेळ आणि मीटरवरील आकडाही लिहावा, कारण त्याच दिवशी सकाळी जुन्या मालकाने मोडलेल्या सिग्नलचे चलन संध्याकाळी नव्या मालकाच्या मोबाइलवर येण्याचे प्रकार घडतात.